निघालो

दिग्रस,
९ सप्टेंबर २०२४

ती. मामाजींना दीपाचा जय भीम.

फोन केला की तुम्ही "कोण? मोठ्यानं बोल" एवढंच म्हणता, आणि मी इकडे ओरडून ओरडून घसा बसवून घेते. परवा शेजारच्या विमलताई धावत आल्या, म्हणाल्या, कुणाशी भांडून राह्यली वं? म्हणून हे पत्र. कानाचं मशीन पेटीत ठेवायला घेतलं होतं का, हे एकदा तुम्हाला विचारायचंच आहे.

आईंबद्दल लिहायचं आहे. तुमच्या ताईंना विसरायचा आजार लागला हे तुम्हाला माहीत आहे, पण गेल्या वर्षी तुम्ही पाहिल्या त्यापेक्षा आता खूप फरक पडला. दिवसा बऱ्या असतात. तूर निवडतात, माझ्या शिलाई मशीनजवळ बसून कापडाच्या चिंध्या गोळा करतात. दिवस कलला की मात्र त्यांचा जीव घरात थांबत नाही. दोन लुगडी, फणी आणि चष्म्याचं घर असं गाठोडं बांधतात आणि ओट्यावर जाऊन बसतात. काय करता आई, म्हटलं की म्हणतात, "माहा भाऊ येऊन राह्यला मुराळी. मले माहेरी न्यायले." कोणता भाऊ? "श्रावण. एकच तं हाय मले."

अंधार पडला आणि तुम्ही आला नाहीत की मग जे सुरू होतं ते लिहवत नाही. फाटक हलवतात, मला ढकलतात, "मले कोंडून ठेवलं वं या बाईनं" म्हणून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारतात. मी त्यांची सून आहे हेसुद्धा त्या वेळी त्यांना आठवत नाही.

मागच्या आठवड्यात मी कुकर लावायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर ओटा रिकामा. दारव्हा रोडवर एका ऑटोवाल्याला सापडल्या, डोक्यावर गाठोडं घेऊन चालल्या होत्या. हे चाकणला तुमच्या भाच्यांना, राजदीपना सांगितलं तर ते म्हणाले, आणखी एकदा असं झालं तर आईला नागपूरच्या आश्रमात ठेवू. त्यांना वर्षातून दोनदा सुट्टी मिळते, उंटावरून शेळ्या हाकतात, पण त्यांचंही खोटं नाही. ट्रकखाली आल्या असत्या तर काय केलं असतं? पण मामाजी, आई त्या आश्रमात चार दिवस काढणार नाहीत. मला हे पक्कं माहीत आहे.

यवतमाळला डॉक्टरांना दाखवलं. मेलाटोनिन नावाची गोळी दिली आहे. डॉक्टर म्हणाले, ही माणसाला पाडणारी झोपेची गोळी नाही. अंधार पडला की आपल्याच शरीरात एक रस तयार होतो आणि तो शरीराला सांगतो की रात्र झाली. या आजारात तो कमी पडतो, म्हणून वरून द्यायचा. कुणाला गुण येतो, कुणाला काहीच येत नाही, आणि संध्याकाळच्या या बेचैनीला तर खात्री देता येत नाही. मी जड गोळी मागितली तर नाही म्हणाले, पडून कंबर मोडेल. दुपारी झोपू देऊ नका, सकाळचं ऊन द्या, सांज व्हायच्या आधी घरातले दिवे लावा आणि दिवे लावले की गोळी द्या.

पण त्या घेतील तर ना! "मुराळी आल्याबिगर मी काही तोंडात घालत नाही," म्हणून हात झटकतात.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या अक्षरात दोन ओळी लिहून पाठवा, 'ताई, मी निघालो.' तुमचं अक्षर त्या ओळखतात. रोज संध्याकाळी मी दाखवीन. बुडत्याला काडीचा आधार.

तुमची सून,
दीपा


मु. पो. नेरजवळचं आपलं गाव,
१६ सप्टेंबर

सूनबाई दीपाले मामसासऱ्याचा जय भीम.

मशीन पेटीतच हाय. ते कानात घातलं की मले माहाच चावायचा आवाज ऐकू येते. भाकर खातो का गिट्टी फोडतो ते समजत नाही. मी बोलतो तसंच लिहितो बरं, शाळेतली भाषा शाळेतच राह्यली.

पत्र वाचून जीव कसानुसा झाला. ताईनं दारव्हा रोड धरला म्हणजे तिले रस्ता बरोबर आठवते, पाह्य. माहेरचा रस्ता तोच हाय.

पण तू म्हणतं, निघालो म्हणून लिहून द्या. पोरी, मी इथं खाटेवर बसून राह्यलो आन् कागदावर लिहू का निघालो? विहारात रोज पंचशील मीच म्हणतो, माह्यामागून सारी माणसं म्हणतात. चौथं शील खोटं न बोलायचं हाय. ज्या तोंडानं ते म्हणतो त्याच हातानं खोटं लिहू? आन् तेही ताईले? मले अक्षर तिनंच शिकवलं. चुलीतला कोळसा घेऊन भिंतीवर 'श्र' काढून दाखवे. माहं नाव असं अवघड कोणं ठेवलं म्हणून मी रडो.

त्यापेक्षा मी खराच येतो. ताई मुराळ्याची वाट पाहून राह्यली न? मंग मुराळी आला पाह्यजे. तिचं लगीन झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा असन. बाबा म्हणे, जा, ताईले घेऊन ये. दारव्ह्यापर्यंत मोटार, पुढं कोणाची बंडी भेटली तं बंडी, नाही तं पाय. मुराळी दिवस बुडायच्या आत पोचला पाह्यजे, असं माय बजावून सांगे. मले नेहमी उशीर होये. ताई ओट्यावर बसून राहे, मांडीवर गाठोडं. मले पाह्यलं की आधी रागवे, "दिवस बुडाला न रे, इतका उशीर?" मंग पाय धुवाले पाणी आणून ठेवे.

सोयाबीन निघालं की येतो. पांढरं धोतर, टोपी, मायनं शिवलेली तीच जुनी पिशवी, तिच्यात शिदोरी, समदं रीतसर. तिले दोन दिवस इथं आणतो, मायच्या जागी बसवतो, मंग तिच्या मनाचं समाधान होईन. तुह्या गोळीवर माहा भरवसा नाही, पण डॉक्टर शिकलेला माणूस हाय, चालू ठेवजो.

श्रावण


दिग्रस,
४ ऑक्टोबर

ती. मामाजी,

तुम्ही न जेवता गेलात. डब्यात भाकरी बांधून दिली असती, पण तुम्ही सकाळी मला न सांगताच बसस्टँड गाठलं. मी कोणत्या तोंडानं अडवलं असतं म्हणा.

तो प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही धोतर-टोपी घालून फाटकात उभे, काखेत शिदोरीची पिशवी, आणि मला वाटलं, झालं, सुटलो. आईंनी तुम्हाला पाहून पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "या पाहुणे, कुठचे तुम्ही?" तुम्ही म्हणालात, ताई, मी श्रावण. आधी त्या हसल्या. मग त्यांची नजर पिशवीकडे गेली. "ही माह्या भावाची पिशवी हाय. तुमच्यापाशी कशी आली? एवढासा हाय तो. काय केलं माह्या भावाचं, सांगा!" आणि तुमचं धोतर धरून त्यांनी जो टाहो फोडला, सगळी गल्ली गोळा झाली.

चूक माझी आहे. मला कळायला पाहिजे होतं की त्यांना तुमची वाट नव्हतीच. त्या ज्याची वाट बघतात तो अकरा वर्षांचा आहे. आपण त्यांच्यासमोर म्हातारा आणून उभा केला. तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल, पण तुमच्यापाशी लपवून काय करू?

गोळीचं सांगते. दोन-तीनदा गुळात घालून दिली, तेव्हा त्या रात्री थोड्या जास्त झोपल्या असं वाटतं. पण संध्याकाळ आहे तशीच आहे, आणि बहुतेक वेळा गोळी थुंकून टाकतात. राजदीपनी आश्रमाचा नंबर पाठवून ठेवला आहे. मी अजून फोन लावलेला नाही.

मामाजी, रागावला असाल तर तसं लिहा. पण लिहा.

दीपा


गाव,
१२ ऑक्टोबर

सूनबाई दीपा,

राग कायचा? घरी येताना बसमधे एकानं विचारलं, बाबा, डोळ्यात काय गेलं? म्हटलं, फुफाटा गेला. रस्ता डांबरी होता, तरी त्यानं खिडकी लावून घेतली बिचाऱ्यानं. बस, एवढंच झालं. बाकी मी ठणठणीत हाओ.

पण मी विचार करून करून थकलो. मी समोर गेलो तं तिचा भाऊ मरते. मी नाही गेलो तं तिचा भाऊ येत राह्यते. म्हणजे मी न जाण्यातच तिचं सुख हाय. असा मुराळी कोणी पाह्यला का, बाप्पा?

मंग मले एक गोष्ट सुचली. तुले निघालो म्हणून चिठ्ठी पाह्यजे न? 'पोचतो' असं तं तू म्हटलं नाही. आता मी रोज दिवस कलला की तीच पिशवी घेतो, दाराले कडी लावतो आन् आपल्या फाट्यावर जातो. दारव्ह्याची शेवटची बस तठीच थांबते. ती येऊन गेली की मी वापस येतो. पण निघालो तं खरंच निघालो न? घरून निघालो, ताईच्या दिशेनं निघालो. नानाजी, ज्याचं फाट्यावर चहाचं हॉटेल हाय, तो म्हणे, मामा, डोक्यावर परिणाम झाला का? म्हटलं, तू चहा टाक.

संगं चिठ्ठी हाय. रोज दाखवजो. ज्या वेळी तू वाचशीन त्या वेळी मी रस्त्यावर असीन, तुह्या जिभेवर खोटं येणार नाही.

तू जेवत जाजो वेळेवर. तुह्या मागं कोणी पाहणारं नाही.

मामाजी

(सोबतची चिठ्ठी)

ताई,
मी निघालो. पिशवी घेतली. बंडी भेटली तं बंडीनं, नाही तं पायी. तू जेवून घे, औषध घे, वाट पाहत उपाशी बसू नोको. मायनं सांगतलं होतं न.
तुहा लहान भाऊ,
श्रावण


दिग्रस,
२९ ऑक्टोबर

ती. मामाजी,

चिठ्ठी लागू पडली! काय सांगू तुम्हाला.

पहिल्या दिवशी हातात दिली तर उलटसुलट करून पाहिली, मग 'श्र'वर बोट ठेवलं आणि हसल्या. म्हणाल्या, "आता नीट काढते तो." मी वाचून दाखवली. "पिशवी घेतली न त्यानं?" हो आई. "थंडी हाय, कानाले बांधलं असन न?" हो आई. मग मी गोळी पुढं केली. मायनं सांगितलंय म्हटल्यावर मुकाट्यानं घेतली, भाताचे चार घास खाल्ले, आणि मला म्हणाल्या, "श्रावणसाठी भाकर झाकून ठेव, उशिरा येईन तो." मी रोज एक भाकर झाकून ठेवते आणि सकाळी चहाबरोबर मीच खाते. तुमच्या वाट्याची खाऊन मी जाड होणार, सांगून ठेवते.

चिठ्ठी घडी घालून गाठोड्यात ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्यांना काही आठवत नाही, म्हणून तीच चिठ्ठी रोज नवी. आता झोपही लागते. राजदीपना सांगितलं तर म्हणाले, बघ, गोळीनं काम केलं. मी म्हटलं, हो. ती गोळी पोटात कशामुळं जाते हे त्यांना सांगत बसले नाही. आश्रमाचं नाव त्यांनी काढलं नाही, मला तेवढं पुरे.

एक लिहू? तुमच्या पत्रात शेवटी 'तू जेवत जाजो' असं होतं. ते वाचून मी चुलीपाशी बसून रडले. फोनवर सगळे विचारतात आई जेवल्या का, गोळी दिली का. विमलताई पूर्वी संध्याकाळी येऊन बसायच्या, आता त्या वेळी दार लावून घेतात. त्यांचं तरी काय चुकलं, कुणाला रोज आरडाओरडा ऐकवतो? शिवायला ब्लाउज येत होते तेही बंद झाले. दिवसभर घरात आम्ही दोघी असतो आणि तरी बोलायला कुणी नसतं. आता संध्याकाळी चिठ्ठी वाचताना मला वाटतं, या वेळी कुणीतरी खरंच आपल्या घराच्या दिशेनं निघालं आहे. मलाही बरं वाटतं.

थंडीत कानाला बांधत जा. हे आईंचं नाही, माझं सांगणं आहे.

दीपा


गाव,
२५ नोव्हेंबर

सूनबाई,

मागच्या हप्त्यात दोन दिवस ताप होता. फाट्यावर जाता आलं नाही. त्या दोन दिवशी तू चिठ्ठी वाचलीच असशीन. आता वाचली तं वाचली, पण माह्या नावावर दोन खोटे चढले. म्हणून बरा झालो तसा दोन सकाळी जास्तीचा जाऊन आलो. हिशोब चुकता. हसू नोको.

फाट्यावरची गंमत ऐक. बसचा कंडक्टर नवा हाय. मले पिशवी घेऊन उभा पाह्यला की बस थांबवे, दार उघडे. मी म्हणो, जा बाप्पा. चार-पाच वेळा असं झालं, तं भडकला न तो. "अजी बुढोबा, चढायचं नाही तं उभे कायले राह्यता?" म्हटलं, निघालो हाओ. "कुठं?" बहिणीकडे. "मंग चढा न!" म्हटलं, मी चढलो तं तिले त्रास होते. त्यानं नानाजीकडे पाह्यलं, नानाजीनं डोक्याजवळ बोट फिरवलं. आता तो थांबत नाही, नुसता हात करते. मीही करतो.

तुले खरं सांगू का, दीपा? ताईसाठी जातो हे खरंच हाय. पण तुही मामी गेल्यापासून मले सांज खायले उठे. दिवसा वावर हाय, माणसं हायेत. दिवस बुडाला की घरात माहेच पाय वाजतात. आता सांज झाली की मले काम असते. धोतर बदलतो, पिशवी घेतो. कोणीतरी माही वाट पाहून राह्यलं हे डोक्यात असलं की पाय उचलतात. ती अकरा वर्षांच्या पोट्ट्याची पाह्यते का म्हाताऱ्याची, मी तिकडे ध्यान देत नाही.

कापूस वेचणं सुरू हाय. तू जेवत जाजो.

मामाजी


दिग्रस,
२० जानेवारी २०२५

ती. मामाजी,

तुमची दोन पत्रं आली आणि मी उत्तर दिलं नाही. कामात होते असं लिहिणार होते, पण तुमच्याशी खोटं लिहायला हात धजत नाही.

आईंनी तुमची वाट बघणं सोडलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी त्या ओट्यावर गेल्याच नाहीत. मला वाटलं, थंडी आहे. चिठ्ठी हातात दिली तर घडी उघडली नाही, चुरगाळून चिंध्यांच्या पिशवीत टाकली. मी म्हटलं, आई, श्रावण निघाला. त्यांनी विचारलं, "कोण श्रावण?" सहज विचारलं, जसं रस्त्यावरच्या माणसाबद्दल विचारावं तसं. नंतर मी पुष्कळदा नाव काढून पाहिलं. नाही. गाठोडं मीच सोडलं, लुगडी पेटीत ठेवली.

आता दिवे लागले की भिंतीकडे बघत बसतात, गोळी दिली की घेतात, झोपतात. आरडाओरडा नाही, फाटक हलवणं नाही. राजदीप खूश आहेत. डॉक्टरांना विचारलं, हा गोळीचा गुण का? ते म्हणाले, झोपेला तिची मदत झाली असेल, बेचैनी आजार पुढं सरकला म्हणूनही कमी होते, कशानं काय झालं हे सांगता येणार नाही. सगळे म्हणतात, सुटलीस दीपा. मला तर त्यांचं भांडण पाहिजे होतं. भांडायच्या तेव्हा घरात माणूस होतं.

हे तुम्हाला दीड महिना कळवलं नाही, कारण तुम्ही लिहिलं होतं, सांज झाली की मले काम असते. ते काम कसं काढून घेऊ? पण तुम्ही थंडीत रोज तिथं उभे राहता आणि इथं कुणीच वाट बघत नाही, हेही बघवत नाही. आता फाट्यावर जाऊ नका, मामाजी.

दीपा


गाव,
१६ फेब्रुवारी

सूनबाई दीपा,

पत्र भेटलं. उत्तर द्यायले जीव झाला नाही.

तुह्या पत्रानंतरही मी जात होतो. पायाले सवय. नानाजीले सांगतलं, ताई मले विसरली. तो म्हणे, मंग आता कायले येता? म्हटलं, चहा प्याले. त्यानं त्या दिवशी पैसे घेतले नाही, त्याचाच मले राग आला.

रोज रात्री खाटेवर पडून एकच विचार केला. पहिले मी येऊ शकत नव्हतो, काहून की तिच्या मनात एक श्रावण होता आन् मी त्याच्यासारखा दिसत नव्हतो. आता तो पोट्टा तिच्या मनातून गेला. म्हणजे आता माह्याशी ताडून पाह्यले कोणी नाही. मी आलो तं कोणाचा जीव जात नाही. आता मी कोणताही म्हातारा म्हणून तिच्याजवळ बसू शकतो.

मले वाईट वाटते का? वाटते न. लय वाटते. साठ-पासष्ट वर्षांचं नातं हाय, मशेरीसारखं थुंकून टाकता येते का? पण भाऊ म्हणून नाही तं नाही. शेजारी बसाले काय नातंच लागते?

येत्या रविवारी येतो. यावेळी टोपी नाही, शिदोरी नाही, ती पिशवीही नाही. आन् तू तिले माहं नाव सांगू नोको. विचारलं तं पाहुणा म्हणजो. ते खोटं नाही.

मामाजी


दिग्रस,
३० मार्च

ती. मामाजी,

हरभरा काढायचा म्हणून तुम्ही गेलात त्याला आठवडा झाला. घर एकदम रिकामं वाटतं. तुम्ही महिनाभर होतात तर विमलताईसुद्धा ओट्यावर येऊन बसायला लागल्या होत्या. काल विचारत होत्या, तो बहिरा मामा परत कधी येते?

तुम्ही आलात तो दिवस मला जन्मभर आठवेल. तुम्ही ओट्याच्या टोकाला जाऊन बसलात. आई कितीतरी वेळ तुमच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्हीबी कोणाची वाट पाहून राह्यले का?" तुम्ही म्हणालात, हो. "कोणाची?" बहिणीची. "येईन," त्या म्हणाल्या, "बायांले घरचं आवरता आवरता उशीर होते." आणि सरकून तुम्हाला जागा दिली. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

आता खरी बातमी. आणि मला कळत नाही ही चांगली म्हणू का वाईट.

तुम्ही गेल्यावर दोन दिवस त्या भिंतीकडे बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी दिवे लावायच्या वेळी पेटीचा आवाज आला. बघते तर लुगडी बाहेर! म्हटलं, परत सुरू झालं. गाठोडं बांधलं, ओट्यावर जाऊन बसल्या, गोळी हातातच धरून ठेवली, घेईनात. मी भीत भीत विचारलं, आई, श्रावण येणार आहे का?

"कोण श्रावण?"

मग कोणाची वाट बघता?

"तो म्हातारा वं. इथं बसे तो. ऐकू येत नाही त्याले."

कोण आहे तो?

"काय माहीत बाप्पा कोण हाय. पण चांगला हाय." आणि रस्त्याकडे बघून रागानं म्हणाल्या, "दिवस बुडाला न, इतका उशीर काहून केला त्यानं?"

मामाजी, रोज तसंच चाललंय. काल फाटकाला हिसके दिले, मला ढकललं, आणि मी वेड्यासारखी हसत होते. राजदीपना फोनवर कळलं तर म्हणाले, बेचैनी वाढली, डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घे. मी म्हटलं, गोळी तीच राहू द्या, मी माणूस बोलावते.

हरभरा एखाद्या ठेकेदाराला द्या नाही तर नानाजीला द्या, मला काही सांगू नका. झाकलेली भाकर खाऊन खाऊन मला कंटाळा आला आहे.

तुमची,
दीपा


फाटा, नानाजीचं हॉटेल,
४ एप्रिल

बाईसाहेब,

दीपा तुम्हाले हे वाचून दाखवीन. टपालात टाकत नाही, हातानंच आणून राह्यलो, म्हणजे पुढं कधी मले उशीर झाला तं कामी येईन.

मी निघालो. हरभऱ्याचं पाहून घ्याले नानाजी हो म्हणला. सकाळची बस धरतो, म्हणजे दिवस बुडायच्या आत पोचीन. मले आजवर नेहमी उशीरच झाला, माणसाचं ऐकून घ्यावं लागे. सकाळच्या बसवरही कंडक्टर तोच हाय. तो हात करीन, मीही करीन, मंग त्याले म्हणीन, आज थांबव बाप्पा, आज चढतो.

ती गोळी घेऊन घ्या. उपाशी बसू नोका. ओट्यावर माही जागा राखून ठेवजा.

तुमच्याशेजारी बसते तोच,
म्हातारा